तट्टूची टाच कुठे असते?

पेन्सिल घ्या आणि समोर काही न ठेवता, केवळ आठवणीने एक तट्टू काढा. व्यंगचित्रातले, गमतीदार असले तरी चालेल. आता चित्राकडे पाहा. पाय टेबलासारखे सरळ उभे आले आहेत का? की मागच्या पायाचा मधला सांधा आपल्या गुडघ्यासारखा पुढे आला आहे? तसे झाले असेल तर वाईट वाटून घेऊ नका. दोष तुमच्या हाताचा नाही. तट्टूच्या कातडीखाली काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे ही चूक होते.

घोड्याचा मागचा गुडघा उलटा असतो, असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे मागे टोक काढणारा तो सांधा गुडघा नव्हेच. ती आहे टाच! खरा गुडघा त्याच्या वर, पोटाच्या कडेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे असतो. पुढच्या पायाचीही अशीच गंमत आहे. ज्याला आपण गुडघा म्हणतो ते आहे मनगट. कोपर वर छातीला लागून असते.

एक प्रयोग करा. हाताचा पंजा टेबलावर उभा धरा आणि फक्त मधल्या बोटाचे टोक टेकवा. मनगट किती उंच गेले पाहिलेत? घोडा असाच, प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर उभा असतो. मनगटाखालचे लांब हाड म्हणजे आपल्या तळहातातले, मधल्या बोटामागचे हाड. त्याच्या खाली बोटाची तीन पेरे आणि शेवटच्या पेराभोवती जाड नख. तेच खूर!

हे असे का झाले? सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी घोड्यांचे पूर्वज कुत्र्याएवढे लहान होते. त्यांच्या पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटे होती. पुढे त्यांचे वंशज मोकळ्या गवताळ प्रदेशात धावू लागले. पायाचे टोक हलके असले की पाय झटकन पुढे टाकता येतो. लाखो पिढ्यांमध्ये बाजूची बोटे झिजत गेली आणि मांसल स्नायू पायाच्या वरच्या भागात एकवटले. म्हणून मांडी भरदार असते, पण टाचेखाली हाडे आणि दोरीसारख्या बळकट कंडराच राहतात. चित्रात वरचा भाग जाड आणि खालचा सडपातळ काढायचा तो याच कारणाने.

आता सरावाला लागू या. प्रथम दोन वर्तुळे काढा. एक छातीचे, एक पुठ्ठ्याचे. ती पाठीच्या आणि पोटाच्या रेषांनी जोडा. मग पायांच्या जागी नुसत्या काड्या काढून प्रत्येक सांध्यावर ठिपका द्या. पुढे कोपर, मनगट, खुराच्या वरचा सांधा. मागे गुडघा, टाच आणि पुन्हा खुराच्या वरचा सांधा. ठिपके पटले की मगच बाहेरची रेषा काढा.

यानंतर व्यंगचित्र सुरू होते. डोके मोठे करा, कपाळ फुगवा, डोळे टपोरे करा, थुंतरी आखूड करा. असा चेहरा आपल्याला गोंडस वाटतो, कारण तो तान्ह्या बाळासारखा दिसतो. कॉनराड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाने 1943 साली हा विचार मांडला. मात्र पायांच्या बाबतीत व्यंगचित्र निसर्गापासून दूर जाते. खरे शिंगरू जन्मतःच लांब पायांचे असते. आपण मात्र पाय आखूड करतो. तेही चालते! हाडांची लांबी हवी तेवढी बदला. पण सांध्यांचा क्रम आणि त्यांची वाकण्याची दिशा बदलू नका. टाच पुढे वळली की तट्टूचे सोंग घेतलेला माणूस दिसू लागतो.

धावणारे तट्टू काढण्याची घाई करू नका. पूर्वीचे मोठमोठे चित्रकारही चारही पाय पुढे-मागे ताणलेला घोडा हवेत दाखवीत. 1878 साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज याने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोडीची छायाचित्रे घेतली. तेव्हा दिसले, की चारही खूर जमिनीपासून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना! नुसत्या डोळ्यांना तो क्षण पकडता येत नव्हता.

म्हणून आधी उभे जनावर पाहा. माथेरानला गेलात तर तिथली घोडी आहेतच; गावातली गाय किंवा बकरीही चालेल, कारण त्यांच्या टाचाही अशाच उंच असतात. जरा अंतर ठेवून, बाजूने पाहा आणि रोज पाच काडीचित्रे काढा. आठवड्याने पहिले चित्र पुन्हा काढा, दोन्ही शेजारी ठेवा आणि मित्राला विचारा, "सांग पाहू, याची टाच कुठे आहे?"