दप्तरातली चिठ्ठी वाचली का?

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेचे दुसरे सत्र सुरू होते आणि बघता बघता एप्रिल उजाडतो. प्राथमिक शाळेत हे महिने सर्वांत गजबजलेले असतात. क्रीडा स्पर्धा, बाल आनंद मेळावा, स्नेहसंमेलन, शिष्यवृत्ती परीक्षा, रमजानची बदललेली वेळ, वार्षिक परीक्षा आणि नव्या पहिलीचे प्रवेश, सगळे एकापाठोपाठ येते. आम्ही शिक्षक प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी मुलांच्या दप्तरात पाठवतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही टाकतो. स्नेहसंमेलनाच्या चिठ्ठीला लगेच उत्तर येते. कपडे कोणत्या रंगाचे, किती वाजता आणायचे, फोटो काढता येतील का, असे प्रश्न रात्री दहापर्यंत चालू असतात. पालक सभेच्या चिठ्ठीला मात्र फारसे उत्तर येत नाही. आणि ‘मुलाच्या नावाची नोंद तपासून जा’ ही चिठ्ठी तर कित्येकदा दप्तराच्या तळाशी चुरगळलेली सापडते.

म्हणून या वेळी आमच्यासारख्या उर्दू प्राथमिक शाळेत काय झाले, पुढे काय येणार आहे आणि कोणत्या चिठ्ठीमागे आपल्या मुलाचे काय अडकलेले असते, ते सांगायचे आहे. शाळा उर्दू माध्यमाची असो वा मराठी, जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची असो वा एखाद्या अंजुमनची, यातल्या बहुतेक गोष्टी सारख्याच लागू पडतात.

मागे काय झाले

१५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. त्या दिवशी वर्गात पुस्तके दोरीवर टांगली होती, उर्दू गोष्टी एका बाजूला, मराठी दुसऱ्या बाजूला. ११ नोव्हेंबर हा स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्मदिवस, म्हणजेच राष्ट्रीय शिक्षण दिन. मुलांनी मौलानांविषयी पाच-पाच वाक्ये उर्दूत लिहिली आणि तीच मराठीत सांगितली. मराठीत सांगताना मुले सुरुवातीला अडखळतात, पण घरी कोणी त्यांच्याशी रोज दहा मिनिटे मराठीत बोलले, तर दोन महिन्यांत फरक दिसतो. तहसीलचा अर्ज, दवाखान्याचा कागद, बसची पाटी हे सगळे मराठीत असते. उर्दूची गोडी राखूनही मराठी पक्की होते, याचे नमुने आपल्या मोहल्ल्यातच सापडतील.

३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती झाली. या दिवशी आम्ही फातिमा शेख यांचेही नाव घेतो. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारपणामुळे माहेरी असल्याने शाळेचे काम तिच्यावर पडत असेल, ही काळजी त्या पत्रात दिसते. मुलींना हे सांगितले की त्या एकमेकींकडे बघतात. पुण्यात मुलींच्या शाळेसाठी झटणाऱ्यांत आपल्यासारख्या नावाची एक बाई होती, हे त्यांना ठाऊक नसते.

पालक सभा आणि अम्मींची जागा

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असतात. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, आलेले अनुदान कशावर खर्च झाले ते पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे. अल्पसंख्याक संस्थांनी चालवलेल्या अनुदानित शाळांत ही समिती सल्ला देण्यापुरती असते, पण सल्ला द्यायलाही सभेला यावे लागते.

अडचण अशी की फलकावर नाव अम्मीचे असते आणि सभेला येतात अब्बा. कधी तेही येत नाहीत आणि सहीसाठी वही घरी पाठवा, असा निरोप येतो. कारणे आम्हाला कळतात. कोणाच्या घरी शिलाईचे काम असते, कोणी दुसऱ्याच्या घरी धुणी-भांडी करते, कोणाचे तान्हे मूल असते. म्हणून आम्ही सभेची वेळ बदलून शनिवारी शाळा सुटल्यानंतरची ठेवली आणि तान्ह्या बाळांना घेऊन या, असे चिठ्ठीतच लिहिले. अलहमदुलिल्लाह, अम्मी येऊ लागल्या.

त्यातल्याच एका सभेत एका अम्मीने सांगितले, ‘मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आतून लागत नाही, म्हणून माझी मुलगी शाळेत पाणीच पीत नाही.’ ही गोष्ट आजवर कोणत्याही अहवालात आली नव्हती. मुलींनी ती फक्त आपल्या आयांना सांगितली होती. चार दिवसांत कडी बसली. पुढची सभा प्रजासत्ताक दिनानंतरच्या शनिवारी आहे. विषय तीन आहेत: पिण्याच्या पाण्याची टाकी, दुपारचे जेवण आणि शेवटच्या वर्गातल्या मुली पुढे कुठे जाणार.

शिष्यवृत्तीची परीक्षा

शिष्यवृत्ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर असतात, प्रत्येकी १५० गुणांचे. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रश्नपत्रिका उर्दू माध्यमातही मिळते, म्हणून ‘हे आपल्या मुलांसाठी नाही’ असा समज मनातून काढून टाकावा. कोणत्या इयत्तेची परीक्षा कोणत्या महिन्यात आहे, हे वर्गशिक्षकांना विचारून घ्यावे. अर्जाची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते आणि मुदत गेली की हुशार मूलही घरीच बसते.

घरी एवढे करावे: रोज अर्धा तास घड्याळ लावून प्रश्न सोडवून घ्यावेत आणि उत्तरपत्रिकेतले गोल नीट काळे करण्याचा सराव द्यावा. येत असलेली उत्तरे चुकीच्या गोलात गेल्याने गुण जातात, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

रमजानमधली शाळा

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे ऐन अभ्यासाच्या दिवसांत. अनेक जिल्ह्यांत उर्दू शाळांची वेळ रमजानसाठी सकाळची केली जाते. आदेश आला की नवी वेळ चिठ्ठीने कळवली जाईल. सेहरीनंतर मूल पुन्हा झोपते आणि शाळा बुडते. ईदच्या आठवडाभर आधी काही कुटुंबे गावी निघून जातात, तेव्हाही हजेरी घसरते. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे ठरवले आहे. शाळा ते भरते, पण बुडालेले दिवस मुलाच्या वाट्याचे कमी होतात. तरावीहनंतर लहानांना लवकर झोपवले तर सकाळ सोपी जाते.

दुपारचे जेवण या महिन्यातही शिजते. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा हिशेब आहे. लहान मुले रोजा नसताना संकोचाने ताट घेत नाहीत. त्यांना घरूनच सांगा की बेटा, तू जेवून घे. आणि लहानग्याने हौसेने रोजा ठेवला असेल तर वहीत तसे लिहून पाठवा, म्हणजे खेळाच्या तासाला आम्ही त्याला सावलीत बसवू.

रजिस्टरमधले नाव

सर्वांत कमी वाचली जाणारी चिठ्ठी हीच. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ लिहिलेले असते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो आणि पुढे पासपोर्टपासून नोकरीपर्यंत तोच दाखला मागितला जातो. आपल्याकडे एकच नाव तीन कागदांवर तीन प्रकारे असते. जन्मदाखल्यावर मोहम्मद, आधारवर मोहंमद, शाळेत नुसते मो. मुलीचे नाव एका जागी फातिमा, दुसऱ्या जागी फातेमा बी. आजोबांचे नाव कधी वडिलांच्या नावाच्या जागी बसलेले असते. आडनाव शेख आहे की वडिलांचे नाव शेख आहे, याचाही घोळ होतो.

मूल शाळेत शिकत असेपर्यंत पुरावे देऊन ही दुरुस्ती मागता येते. एकदा दाखला काढून मूल बाहेर पडले की काम फार अवघड होते आणि तरुणपणी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. फेब्रुवारीत दोन शनिवार आम्ही रजिस्टर घेऊन बसणार आहोत. येताना जन्मदाखला आणि आधार कार्ड आणावे. वाचता येत नसेल तर आम्ही वाचून दाखवू, लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

एप्रिल: काही येतात, काही जातात

एप्रिलमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांचा शाळापूर्व तयारी मेळावा असतो. मूल उड्या मारते, रंग ओळखते, मणी मोजते आणि अम्मींना घरी काय खेळ घ्यायचे ते सांगितले जाते. यंदाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणारे मूल पहिलीत घेता येते. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये लिहिले आहे. दाखला नंतर काढता येईल, मुलाचे वर्ष वाया घालवू नका. पाचवीच्या मुलांच्या पालकांनी एवढे लक्षात ठेवावे की पाचवीची वार्षिक परीक्षा आता उत्तीर्ण व्हावी लागते. त्यात राहिलेल्यांना पुन्हा एकदा परीक्षेची संधी मिळते.

आणि आता शेवटच्या वर्गाविषयी. आमच्यासारख्या अनेक शाळा चौथीपर्यंतच आहेत. निकालानंतर पालक दाखला घेऊन जातात आणि जूनमध्ये मुलगा पुढच्या शाळेत दिसतो. मुलीचे तसे नेहमी होत नाही. शाळा लांब आहे, रस्ता ओलांडावा लागतो, सोबत कोणी नाही, घरात धाकटी भावंडे आहेत. ‘सध्या राहू दे, बघू’ म्हणता म्हणता वर्ष जाते आणि नंतर ती परत येत नाही. वय १४ पर्यंतचे, म्हणजे आठवीपर्यंतचे मोफत शिक्षण तिचा कायदेशीर हक्क आहे. इल्म मिळवणे मुलगा-मुलगी दोघांवर सारखेच आहे, हे आपण वाझमध्ये अनेकदा ऐकतो.

म्हणून जानेवारीच्या सभेत आम्ही शेवटच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीचे नाव फलकावर लिहिणार आहोत. तिच्यासमोर दोन रकाने असतील: पुढची शाळा कोणती आणि सोबत कोण जाणार. एका गल्लीतल्या चार मुली एकत्र निघाल्या आणि चार घरांनी आठवडे वाटून घेतले, तर एकाही अब्बांचा रोजगार बुडत नाही. ज्या नावासमोर रकाना रिकामा राहील, त्या घरी समितीतल्या दोन अम्मी आणि एक शिक्षिका मे महिन्याच्या आत जाऊन येतील. दाखला देताना पुढच्या शाळेचे नाव विचारले जाईल आणि जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिथे चौकशीही केली जाईल, इन्शाअल्लाह.

पालक भगिनींनो आणि बंधूंनो, स्नेहसंमेलनाला जरूर या, मुलांसाठी टाळ्या वाजवा. पण आज रात्री एकदा दप्तर उघडून तळाशी हात घालून पाहा. तिथे सभेची चिठ्ठी असेल तर तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आणि तुमची मुलगी यंदा शेवटच्या वर्गात असेल, तर त्या दिवशी अम्मी आणि अब्बा दोघेही या.