अभिप्रायासाठी पाठवलेला निबंध

डिसेंबर १८४५मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत मुंबईहून एक लांबलचक निबंध पोचला. लेखक होता जॉन जेम्स वॉटरस्टन, एडिंबरोचा, वय चौतीस. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी कॅडेटांना शिकवण्याची नोकरी सांभाळून त्याने वायूंचा एक सिद्धान्त रचला होता. वायू म्हणजे सतत धावणाऱ्या, आदळून पुन्हा उसळणाऱ्या रेणूंचा समूह. त्यांच्या वेगाच्या वर्गावर तापमान ठरते. दोन वायू एकत्र असले तर जड रेणू सावकाश आणि हलके रेणू भरभर पळतात, पण दोघांची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच राहते. आज हे सारे बारावीच्या भौतिकशास्त्रात शिकवतात.

सोसायटीने निबंध दोन परीक्षकांकडे दिला. ऑक्सफर्डचे बेडन पॉवेल यांना त्याचे मूळ गृहीतकच पटले नाही. दुसरे परीक्षक सर जॉन लबक यांनी तर तो निव्वळ मूर्खपणाचा, सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही, असा शेरा मारला. मार्च १८४६मध्ये निबंध वाचला गेला, छोटासा सारांश छापला गेला आणि मूळ कागद दप्तरात गेले. सोसायटीपुढे वाचलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा होई. वॉटरस्टनने स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती. पुढच्या पंधरा वर्षांत क्रोनिग, क्लाउसियस आणि मॅक्सवेल यांनी तीच वाट नव्याने शोधली. १८८३मध्ये वॉटरस्टन वारला, आणि १८९१मध्ये सोसायटीचे सचिव असलेल्या लॉर्ड रॅले यांना तो निबंध दप्तरात सापडला. पुढच्याच वर्षी त्यांनी तो प्रस्तावनेसह छापला. न छापल्यामुळे विषय दहा-पंधरा वर्षे मागे राहिला असावा, असा त्यांचा अंदाज होता. त्याच प्रस्तावनेत त्यांनी तरुण लेखकांना सल्ला दिला, की आधी छोट्या, सहज पारखता येणाऱ्या कामाने नाव मिळवावे आणि मग मोठी झेप घ्यावी. हा सल्ला मला पटत नाही. परीक्षकांची चूक त्यामुळे लेखकाच्या पदरी पडते.

परीक्षक चुकणारच. माझ्या दृष्टीने त्याहून मोठा अन्याय हा, की वॉटरस्टनचे कागद त्याच्या हाती परत आले नाहीत. शोधपत्रिकेची खरी कसोटी इथे लागते. ती काय छापते यापेक्षा, नाकारताना लेखकाच्या हाती काय ठेवते हे मी आधी पाहतो.

ही परीक्षकांची पद्धत तेव्हा नवीच होती. सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले तेव्हा काय छापायचे हे तेच ठरवत. १७५२मध्ये सोसायटीने नियतकालिक आपल्याकडे घेतले आणि निवड समितीकडे दिली. लेखी अहवालाची कल्पना १८३१मध्ये विल्यम ह्युएल यांनी मांडली. पहिल्याच प्रयोगात ते अडकले. जॉर्ज एअरी यांचा पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीवरचा निबंध ह्युएल आणि लबक या दोघांनी मिळून तपासायचा होता. लबक म्हणजे तेच, ज्यांनी पुढे वॉटरस्टनला मोडीत काढले. लबकना समीकरणांतल्या चुका दाखवायच्या होत्या. ह्युएलना वाटे, की निबंधात नवे काय आहे आणि शास्त्रात त्याची जागा कोणती, हे लोकांना सांगावे. अहवाल उघड छापायचे, असाच त्यांचा मूळ बेत होता. महिनोन्‌महिने वाद चालला, अखेर लबक नमले आणि १८३२मध्ये संयुक्त अहवाल छापून आला. पण काही वर्षांतच अहवाल खाजगी झाले, परीक्षकांची नावे झाकली गेली, आणि शेवटी लबकचीच रीत रूढ झाली.

सर्वत्र मात्र ती फार उशिरा पोचली. डीएनएच्या दुहेरी सर्पिलावरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा लेख ‘नेचर’ने बाहेरच्या परीक्षकाकडे धाडलाच नव्हता. तिथे ही तपासणी सक्तीची झाली १९७३मध्ये.

आज निबंध पोर्टलवर चढतो. पहिली गाठ संपादकाशी. विषय आपल्या जर्नलचा आहे का, मजकूर उचललेला तर नाही, माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग असेल तर नैतिक समितीची परवानगी आहे का, हे तो बघतो. नामांकित जर्नलांत बहुतेक निबंध याच टप्प्यावर परत जातात. त्याला ‘डेस्क रिजेक्ट’ म्हणतात. ऐकायला क्रूर वाटते, पण आठवड्याभरात आलेला असा नकार आठ महिन्यांनी आलेल्या नकारापेक्षा कितीतरी बरा. लेखक दुसरीकडे तरी पाठवू शकतो. पुढे गेलेल्या निबंधासाठी दोन-तीन परीक्षक शोधायचे, आणि खरी रखडपट्टी इथेच होते. परीक्षणाचे सहसा पैसे मिळत नाहीत. विद्यापीठातला प्राध्यापक तास, पेपर तपासणी आणि समित्या आटोपून रात्री दुसऱ्याचा निबंध वाचायला बसतो. अनेक जण नकार कळवतात, काही उत्तरच देत नाहीत. गणितात तर सिद्धतेची एकेक ओळ पडताळायची असल्याने वर्ष उलटून जाते.

अहवालाचे दोन भाग असतात. एक लेखकासाठी, दुसरा फक्त संपादकाच्या डोळ्यांसाठी. विज्ञानाच्या बहुतेक शाखांत परीक्षकाला लेखकाचे नाव ठाऊक असते, लेखकाला परीक्षकाचे नसते. समाजशास्त्रांत बऱ्याच ठिकाणी दोन्ही नावे झाकतात. शिफारशी परीक्षकांनी करायच्या, निर्णय संपादकाचा. दोघे विरुद्ध आणि एक बाजूने असला तरी चांगला संपादक मते मोजत बसत नाही, कुणाचे कारण भक्कम आहे ते पाहतो. ‘मेजर रिव्हिजन’चे पत्र आले की पीएचडीचा विद्यार्थी हिरमुसतो आणि मार्गदर्शक खूश होतो, कारण दार उघडे आहे. मग प्रत्येक आक्षेपाखाली उत्तर: इथे बदल केला, इथे नवे मोजमाप जोडले, इथे आपले म्हणणे मान्य नाही आणि ते यासाठी. एक मर्यादा मात्र वाचकाने ध्यानात ठेवावी. परीक्षक प्रयोग पुन्हा करून पाहत नाही. आकडे प्रामाणिक आहेत असे धरूनच तो वाचतो, त्यामुळे जाणूनबुजून रचलेली खोटी माहिती त्याच्या नजरेतून सुटू शकते.

हे काम किती मोलाचे होऊ शकते, त्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी १९०७ची. तिचे ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होते. तिच्या जर्नलचे संपादक एम. टी. नारायण अय्यंगार यांच्याकडे श्रीनिवास रामानुजनचा बर्नुली संख्यांवरचा निबंध आला. मांडणी इतकी त्रोटक, की सामान्य वाचकाला धागाच सापडेना. अय्यंगारांनी तो एकाहून अधिक वेळा परत पाठवला, आणि छापण्याजोगा झाल्यावर १९११मध्ये छापला. पदवी नसलेल्या मुलाचे काम म्हणून बाजूला टाकणे त्यांना सोपे होते. तसेच छापणेही सोपे होते. त्यांनी तिसरी, कष्टाची वाट धरली.

आइन्स्टाइनला मात्र असे परीक्षण सोसले नाही. १९३६मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ने गुरुत्वलहरींवरचा त्याचा निबंध परीक्षकाकडे धाडला, तेव्हा त्याने संतापून तो मागे घेतला. दहा पानी अभिप्राय लिहिणारे एच. पी. रॉबर्टसन बरोबर होते. पुढे चूक उमगली आणि निबंध बदललेल्या निष्कर्षासह दुसरीकडे छापला गेला.

आपल्याकडचा आजचा रोग उलटा आहे. फी भरा, चार दिवसांत स्वीकृतिपत्र घ्या. बढती आणि पीएचडी छापील निबंधांच्या संख्येला बांधली गेली आणि हा बाजार फोफावला. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यूजीसीच्या मान्यता यादीत शिरलेली एक हजार नऊ जर्नले पुण्यातल्या संशोधकांनी तपासली. त्यांतली ८८ टक्के निकषांत बसली नाहीत, असे २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. या जर्नलांत होकार मिळतो, वाचक मिळत नाही. ज्याचा निबंध कुणी वाचलाच नाही, त्या विद्यार्थ्याला आपण कुठे चुकलो हे कधीच कळत नाही, आणि त्याच्या आयुष्यातली तीन-चार वर्षे त्यात गेलेली असतात.

अहवाल उघड करण्याची ह्युएलची कल्पना आता परत येते आहे. ‘ईलाइफ’ने २०२३पासून परीक्षणानंतरचा होकार-नकारच काढून टाकला, परीक्षणाला घेतलेला निबंध आणि त्यावरचे अभिप्राय ते एकत्र प्रसिद्ध करतात. जून २०२५पासून ‘नेचर’ही नव्याने येणाऱ्या शोधनिबंधांसोबत परीक्षकांचे अहवाल आणि लेखकांची उत्तरे छापते, परीक्षकाची इच्छा नसेल तर नाव झाकलेलेच राहते. आपल्या विद्यापीठांनी संशोधन-पद्धतीच्या अभ्यासक्रमात हे अहवाल वाचायला लावावेत. आक्षेप कसा घ्यावा आणि त्याला उत्तर कसे द्यावे, हे शिकण्यासाठी याहून चांगले साहित्य मला माहीत नाही, आणि ते फुकट मिळते.