नवजात ताऱ्यांचे झोत

वायु आणि धूळ यांचा थंडगार मेघ स्वतःच्याच आकर्षणानें आंत ढासळूं लागला, म्हणजे तारा जन्मास येतो. मग द्रव्य ओढून ज्यानें वाढावयाचें, तोच त्यांतील कांहीं भाग दोन विरुद्ध दिशांना वेगानें कां फेकून देतो?

मृग नक्षत्रांतील कांहीं लहान तेजस्वी ठिपक्यांचा अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज हर्बिग व ग्विलेर्मो हारो यांनीं केला. ते ठिपके तारे नव्हेत. ताऱ्याचा झोत भोंवतालच्या वायूवर आदळून तापलेलीं तीं स्थळें होत, हें पुढें उमगलें.

झोतांत काय आहे, तें त्याचा वर्णपट सांगतो. वयानें थोड्या वाढलेल्या ताऱ्यांच्या झोतांत हायड्रोजन, गंधक व लोह यांचे सुटे अणु चमकतात. ययाति तारकापुंजांत सुमारें १००० प्रकाशवर्षांवर असलेल्या ‘एच्. एच्. २११’ची गोष्ट निराळी. तेथील ताऱ्याचें वस्तुमान सूर्याच्या अवघें ८ टक्के आहे. जेम्स वेब दुर्बिणीच्या साह्यानें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत त्याचा झोत बहुतांशीं रेणूंचाच आढळला: हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि सिलिकॉन मोनॉक्साइड. झोत सेकंदास सुमारें ८० ते १०० किलोमीटर धांवतो. परंतु पुढें गेलेल्या स्वतःच्याच द्रव्यावर तो आदळत असल्यामुळें वेगांतील फरक थोडा राहतो, आणि रेणु अभंग राहतात.

यांत सिलिकॉनची साक्ष मोलाची आहे. थंड मेघांत तें धुळीच्या कणांत कोंडलेलें असतें. वायुरूपांत तें दिसतें, त्या अर्थीं ते कण आघातानें फुटले असावेत, किंवा ताऱ्याच्या आंचेनें त्यांची वाफ झाली असावी. मृगांतील ‘एच्. एच्. २१२’च्या झोताचें स्वतःभोंवतीं फिरणें चिली देशांतील आल्मा दुर्बिणीनें मोजलें. २०१७ सालच्या त्या मापनावरून झोताचा उगम ताऱ्यापासून सुमारें ७५ लाख किलोमीटरांवर, म्हणजे सूर्य व बुध यांमधील अंतराच्या आठव्या हिश्शावर, ठरला. इतक्या जवळ धूळ टिकणें कठीण. म्हणून रसायनाची व गतीची साक्ष येथें जुळते.

मूळ प्रश्नाचें उत्तरही या फिरण्यांतच आहे. दोरीस बांधून गरगर फिरविलेला दगड दोरी आंत ओढतांच अधिक झपाट्यानें फिरतो. आंत सरकणाऱ्या द्रव्याचीही तीच गत होते. तें ताऱ्याभोंवतीं तबकडीसारखें पसरून फिरत राहतें. ही गति उतरल्यावांचून ताऱ्यावर पडूं शकत नाहीं. चुंबकीय बलरेषा थोडें द्रव्य उचलून बाहेर भिरकावतात, आणि तें जादा फिरणें आपल्याबरोबर घेऊन जातें. मागें राहिलेलें द्रव्य मग ताऱ्यास मिळतें.

तेव्हां हें फेकणें म्हणजे उधळपट्टी नव्हे. ताऱ्याच्या वाढीची ती किंमत आहे. सुमारें ४६० कोटी वर्षांपूर्वीं सूर्यानेंही ती बहुधा भरली असावी.