इनाम आणि खुराक

आपल्याकडील कुस्तीच्या फडात दोन शब्द पूर्वापार चालत आले आहेत. इनाम म्हणजे कुस्ती मारल्यावर हाती पडणारे बक्षीस, आणि खुराक म्हणजे ती मारण्याचे बळ यावे म्हणून वर्षानुवर्षे पोटात जाणारे दूध, तूप, बदाम. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लविद्येला आश्रय दिला तो नुसत्या इनामांच्या रूपाने नव्हे. मल्लांच्या तालमीची आणि खुराकाचीही काळजी वाहिली. आज धावपटूंना मिळणाऱ्या बक्षिसांची चर्चा घरोघरी होते, तेव्हा हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

धावण्याच्या खेळात पैसा घेणे हेच एके काळी पाप मानले जाई. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणाऱ्या जिम थॉर्पची पदके १९१३ साली काढून घेण्यात आली. पूर्वी बेसबॉल खेळून त्याने थोडे मानधन घेतले होते, एवढाच त्याचा अपराध. जागतिक महासंघाच्या नावातील ‘हौशी’ हा शब्द तर २००१ पर्यंत टिकून होता. मात्र त्याआधीच, १९९७ च्या अथेन्स येथील जागतिक स्पर्धेपासून, महासंघाने रोख बक्षिसे देण्यास आरंभ केला होता.

पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मैदानी खेळांच्या ४८ प्रकारांतील प्रत्येक सुवर्णविजेत्यास ५०,००० डॉलर, म्हणजे सुमारे ४१ लाख रुपये, देण्यात आले. ही रक्कम केवळ पहिल्यासाठी होती. भालाफेकीत सुवर्ण जिंकणाऱ्या पाकिस्तानच्या अर्शद नदीमला ती मिळाली. रौप्यपदक मिळवणाऱ्या आपल्या नीरज चोप्राला महासंघाकडून काही मिळाले नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून रौप्य व कांस्य विजेत्यांनाही रक्कम देण्याचे महासंघाने जाहीर केले आहे. परंतु १९८४ साली त्याच लॉस एंजेलिसमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्यपदक हुकलेल्या पी. टी. उषासारख्या चौथ्या धावपटूला या योजनेतही स्थान नाही.

सुरतेहून हजिऱ्याच्या वाटेवर असलेल्या इच्छापोरसारख्या वसाहतीतील मराठी कुटुंबास या डॉलरांचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच दक्षिण गुजरातेत, डांगच्या रानात आहे. १९६० साली मुंबई राज्याचे विभाजन होताना गुजरातेत गेलेला, पण बोलीने मराठीशी नाते राखणारा हा जिल्हा. तेथील कराडीआंबा या खेड्यातील सरिता गायकवाड ही आदिवासी कन्या आधी खो-खो खेळत असे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४ × ४०० मीटर रिले शर्यतीत भारतीय महिलांनी ३ मिनिटे २८.७२ सेकंदांत सुवर्णपदक पटकावले, त्या चौघींत ती होती. त्यानंतर गुजरात सरकारने तिला एक कोटी रुपये जाहीर केले. डांगच्याच मुरली गावितने २०१९ साली दोहा येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक जिंकले.

कोटीचा आकडा वाचून आपले डोळे दिपतात, आणि ते साहजिकच आहे. परंतु तो आकडा पदकानंतरचा. खो-खोचे अंगण आणि जकार्ता यांच्यामधल्या वर्षांत बूट, प्रवास, दूध आणि मार्गदर्शन यांचा भार कोणी तरी वाहावाच लागतो.

बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला, आणि सैन्यातच शर्यतींकडे वळला. घरी पाठवायला पगार होता, पोटाला शिधा होता, शिकवायला प्रशिक्षक होते. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचे रौप्य, आणि २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, ही त्या खुराकाची फळे होत. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तरी क्रमांक आला सहावा. तेथे पहिल्याला १०,००० डॉलर मिळत; खालच्या क्रमांकांना उतरत्या रकमा. भारतात कोणीही त्यापूर्वी धावला नव्हता इतक्या वेगाने धावूनही केवळ इनामावर संसार चालणार नाही, असा हा व्यवहार आहे.

सुदैवाने खुराकाच्याही काही वाटा आता झाल्या आहेत. ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्या खेळाडूंसाठी दरमहा १०,००० रुपयांच्या भत्त्याची तरतूद आहे; ऑलिंपिकसाठीच्या केंद्रीय योजनेतील अग्रगण्य खेळाडूंसाठी तो ५०,००० रुपये ठेवलेला आहे. गुजरातेत ‘शक्तिदूत’ योजना आणि जिल्हा क्रीडाशाळा आहेत. आपल्या घरातील मुलगी शाळेच्या शर्यतीत पुढे येत असेल, तर तिच्या क्रीडाशिक्षकांकडे या योजनांची चौकशी आईवडिलांनी अवश्य करावी. दहावीचे वर्ष आले की मैदान बंद, हा निर्णय घेण्यापूर्वी तरी करावी.

आपल्या मंडळांनाही एक विनंती. पदक जिंकून आलेल्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आपण मागे राहत नाही. त्या खर्चातील थोडा वाटा अजून काहीच न जिंकलेल्या एखाद्या मुलाच्या बुटांसाठी, किंवा जिल्हास्पर्धेच्या गाडीभाड्यासाठी, बाजूला ठेवावा. इनाम सरकार देईल, महासंघही देईल. खुराकाची पहिली वाटी मात्र शेजारपाजाऱ्यांच्या हातूनच जायला हवी.