ढेकणांसाठी घरात विष नको

कारखान्यांचा पट्टा पडला, की कळंब तालुक्यातून ऊसतोडणीला गेलेली कुटुंबं गावी परततात. परीक्षा संपवून लातूर-पुण्याची मुलंही गाद्या-बॅगा घेऊन घरी येतात. या दिवसांत बाह्यरुग्ण विभागात दंडावर, मानेवर ओळीनं उठलेल्या गांधी दाखवणारे रुग्ण येतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "साहेब, ढेकूण तर नसतील?"

यात लाजण्यासारखं काही नाही. ढेकूण अस्वच्छतेतून जन्मत नाही. तो बॅगेतून, वाकळेतून, जुन्या पलंगातून येतो आणि स्वच्छ घरातही तेवढ्याच सुखानं राहतो. त्याच्या चाव्यातून एचआयव्ही किंवा कावीळ पसरल्याचा पुरावा नाही. खाज आणि झोपेचं खोबरं, एवढाच त्याचा मुख्य त्रास. मात्र बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला बारीक पुळ्या असतील, रात्री खाज वाढत असेल आणि घरात सगळ्यांनाच होत असेल, तर ती खरूज असू शकते. तिचं औषध वेगळं. त्यामुळे दुकानातून कुठलंही मलम आणून चोळण्याआधी एकदा दाखवून घ्या.

मला काळजी ढेकणाची नाही, त्याच्यावर लोक जे मारतात त्याची आहे. शेतकऱ्याच्या घरात सोयाबीनवर फवारायचं औषध असतं, धान्याच्या कोठीत ठेवायची गोळी असते. तेच गादीवर शिंपडलं जातं, गोळी पलंगाखाली सरकवली जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक जणांचा जीव गेला, तो उघड्या शेतात. मग दारं-खिडक्या बंद केलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत काय होईल? फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्यात बिबवेवाडीला घरात कीटकनाशक मारल्यानंतर एक दांपत्य दगावलं. धान्याच्या गोळीतून तर हवेतल्या ओलाव्यानंच फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. शेजारच्या खोलीत झोपलेल्यालाही तो गाठतो. घरात माणसं राहत असताना ती गोळी ढेकणांसाठी वापरायचीच नाही.

बरं, एवढं करूनही ढेकूण जातातच असं नाही. हिवतापासाठी घरोघर डीडीटी मारलं जायचं, तेव्हा सुरुवातीला ढेकूणही मरायचे. पुढे ते त्या औषधाला दाद देईनासे झाले आणि काही ठिकाणी लोक फवारणीवाल्यांनाच दारात उभं करेनात. आजच्या अनेक फवाऱ्यांचंही तेच झालं आहे.

ढेकूण हमखास मरतो तो उष्णतेनं. पन्नास अंशांच्या वर तासभर ताप लागला, की अंड्यांसकट खलास. आपल्या आज्या बाजेवर उकळतं पाणी ओतायच्या, ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. चादरी, उशांचे अभ्रे, गोधड्या उकळत्या पाण्यात भिजवा. लाकडी पलंग सुटा करून अंगणात आणा आणि सांधे, खिळ्यांची भोकं, फटी यांत किटलीनं उकळतं पाणी सोडा. मुलांना लांब ठेवा. जाड गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही. वरचं कापड तापतं, आतला कापूस तेवढा तापत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. कपडे आणि पातळ अंथरूण काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर दिवसभर ठेवा. रॉकेल किंवा पेट्रोल फटीत ओतू नका. त्यानं आग लागते.

शोधायचं कुठं? गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यात, भिंतीच्या पोपड्यांमागं, फोटोच्या चौकटीत, स्विचबोर्डाच्या कडेला. मोठा ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा, पिल्लं फिकट आणि बारीक. शाईचे थेंब पडावेत तसे काळे ठिपके दिसले, की तिथंच त्यांचा मुक्काम समजा. फटी सिमेंटनं, लांबीनं बुजवा. पलंग भिंतीपासून वीतभर लांब ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका. पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवा, पण पाणी दर दोन दिवसांनी बदला. नाहीतर ढेकूण जातील आणि डेंग्यूचे डास येतील!

बहुतेक घरं हरतात ती एकाच फेरीत थांबल्यामुळं. अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात आणि ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो. त्यामुळे आठ-दहा दिवसांच्या अंतरानं किमान तीन वेळा हे सगळं करावं लागतं. दरम्यान दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका, ते मागोमाग तिथंही येतात. वाड्यात किंवा चाळीत राहत असाल तर शेजाऱ्यांनाही सांगा. एकट्यानं केलेली मेहनत भिंतीच्या फटीतून वाया जाते.

तरीही फवारणी करावीच लागली, तर परवाना असलेल्या माणसाकडून करा. औषधाचं नाव लिहून घ्या, तो सांगेल तेवढा वेळ सगळे घराबाहेर राहा आणि परतल्यावर खिडक्या-पंखे सुरू ठेवून मगच आत वावरा. तान्हं बाळ, गरोदर बाई, दमेकरी यांना त्या रात्री दुसरीकडं झोपवा.

फवारणीनंतर कुणाला मळमळ, उलटी, लाळ, दरदरून घाम, छातीत आवळल्यासारखं वाटणं किंवा चक्कर सुरू झाली, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा. अंगावर औषध सांडलं असेल तर कपडे काढून साबणानं धुवा. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. १०८ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा गोळीचा डबा सोबत आणा. त्यावरचं नाव वाचता आलं, तर आमचे उपचार लगेच सुरू होतात.