कमाल किती आणि अखंड किती

चिपळूण तालुक्यातील पोफळीच्या डोंगरात ज्याची भूमिगत वीजगृहे आहेत, त्या कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॉट असली, तरी पश्चिमेकडे वळवता येणारे पाणी कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी इतके मर्यादित केल्यामुळे हा प्रकल्प वर्षभर पूर्ण क्षमतेने चालवता येत नाही आणि मुख्यतः मागणी चढते त्या वेळीच त्याचा उपयोग केला जातो. कमाल क्षमता आणि अखंड क्षमता यांतील हा भेद संगणकाच्या वीजपुरवठा संचालाही, म्हणजे बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात त्यालाही लागू पडतो; फरक इतकाच की तेथे मर्यादा पाण्याची असते, येथे उष्णतेची.

घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या दिष्ट विजेत रूपांतर करणे हे एसएमपीएसचे काम असून, आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे भार मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवरच असतात. त्यामुळे डब्यावर ठळक अक्षरांत ‘४५० वॉट’ छापलेले असले आणि बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर एवढाच आकडा असला, तर गुणाकार १९२ वॉट येतो आणि मोठ्या भारासाठी तेवढीच शक्ती हाताशी उरते. असा ठळक आकडा ही ग्राहकाची दिशाभूलच होय. चांगला उत्पादक अखंड देता येणारी शक्ती छापतो, आणि ती कोणत्या तापमानाला मिळते तेही सांगतो.

ग्राफिक्स कार्डाची मागणी मात्र क्षणार्धात उसळते. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकाने, ग्राफिक्स कार्डासाठीची नवी जोडणी असलेल्या, ४५० वॉटवरील एसएमपीएसने नोंदलेल्या शक्तीच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता, सोसावा अशी अपेक्षा ठेवली. ही उसळी न पेलणाऱ्या संचातील संरक्षक यंत्रणा वीज तोडते, संगणक एकाएकी बंद पडतो आणि दोष मात्र बिचाऱ्या रॅमवर किंवा विंडोजवर ढकलला जातो.

एसएमपीएसवरील वॉट हे संगणकाला मिळणाऱ्या शक्तीचे असतात, मीटरवर येणाऱ्या विजेचे नव्हेत. ८० टक्के कार्यक्षमतेचा संच ३०० वॉट देताना भिंतीतून ३७५ वॉट ओढतो, आणि उरलेल्या ७५ वॉटची संचातच उष्णता होते. रत्नागिरीच्या दमट, खाऱ्या हवेत पंख्यावर धुळीचा ओलसर थर बसला की ही उष्णता बाहेर पडणे अवघड होते आणि कपॅसिटर लवकर थकतात. छापील आकड्याच्या बाबतीत यूपीएसचेही एसएमपीएससारखेच आहे: ६०० व्हीएचे अनेक यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच देतात.

खरेदीपूर्वी खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवून तक्त्यातील १२ व्होल्टचा रकाना वाचावा, अँपिअरला बाराने गुणावे, आणि ज्यावर असा तक्ताच छापलेला नाही तो एसएमपीएस, कितीही स्वस्त असला तरी, घेऊ नये.