काळीज आणि हृदय

बोलताना आपण हृदयाला काळीज म्हणतो. पण खाटकाकडे कलेजी मागा, तो यकृत देतो. दोन अवयव वेगळे. तरी एकाचे दुखणे दुसऱ्याला भोवते. कसे, ते आम्ही सांगतो.

यकृत उजव्या बरगड्यांखाली असते. ते रक्त साफ ठेवते. वर्षानुवर्षे दारू प्याली, मग ती मोहाची असो की बाटलीतली, तर यकृत निबर होते. काही जातींची जुनी कावीळही त्याला कारण होते. पुढे पोटात पाणी होते, पाय सुजतात.

आता हृदय पाहू. त्याचा प्रत्येक ठोका विजेच्या बारीक लहरीने पडतो. मग हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार होते. यकृत निबर झालेल्या बऱ्याच माणसांत या तयारीला जास्त वेळ लागतो. अशाने ताल चुकू शकतो. छाती धडधडते, भोवळ येते. क्वचित जीवही जातो.

काही औषधांनी हा वेळ आणखी वाढतो. हिवतापावरची क्लोरोक्विन त्यांपैकीच एक. पाणी उतरवायच्या काही गोळ्यांनी रक्तातला पोटॅशियम नावाचा क्षार घटतो. त्यानेही ताल बिघडतो.

म्हणून काय करावे? आपल्या मनाने गोळी घेऊ नये, अन् बंदही करू नये. डॉक्टरांना आधी सांगावे, "मला यकृताचा आजार आहे." हृदयाचा आलेख, म्हणजे ई.सी.जी., काढावा. त्यात सुई नाही, दुखणे नाही. भोवळ आली तर घरी थांबू नये. गोंदियाला 2016 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

भावांनो, बहिणींनो, मोहफुले वेचा, वाळवा, लाडू करा. भट्टी मात्र लावू नका.